जातिवंत की संकरित?

ब्रिटनमध्ये एखादा शिकारी बंदूक घेऊन एकटाच झुडपं तुडवत फिरतो, तेव्हा त्याच्या कुत्र्याला दोन कामं करावी लागतात. दडलेला फेझंट पक्षी उठवायचा आणि पडलेला पक्षी दात न रुतवता आणून द्यायचा. जखमी पक्षी सापडलाच नाही, तर बिचारा तिथेच तडफडत राहतो! (आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अशी शिकार करू देत नाही, ते बरंच आहे.)

उठवण्यात स्प्रिंगर स्पॅनियल पटाईत, आणण्यात लॅब्राडोर. मग दोघांचा संकर केला तर? तसा ‘स्प्रिंगाडोर’ असतोही. पण गंमत अशी, की एकाच वेतातलं एक पिल्लू आईवर जातं, तर दुसरं बापावर! जातिवंत पिल्लाचा निदान अंदाज तरी बांधता येतो.

आणि ‘संकरित म्हणजे निरोगी’ असं डोळे झाकून मानू नका बरं का. लॅब्राडोर आणि कॉकर स्पॅनियल यांचाही संकर करतात. हळूहळू दृष्टी घालवणारा एक आनुवंशिक आजार या दोन्ही जातींत आढळतो. सदोष जनुक दोन्हीकडून आलं, तर संकरित पिल्लूही आंधळं होऊ शकतं. म्हणून मी तर आधी आईबापांची डीएनए तपासणी आणि खुब्यांचे एक्स-रे मागेन. जमलं तर पिल्लाच्या आईला रानात काम करताना बघेन. जातीचं नाव त्यानंतर!