उंच जीप, मोठी चाके



लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट पावसाळ्यात पाहिली आहे का? दगडगोटे, चिखल आणि मधूनच आडवे येणारे ओढे! साध्या मोटारीचे पोट तिथे दगडाला टेकते. जाते ती चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी जीप.

माझा एक जुना विद्यार्थी परवा अशीच जीप घेऊन शाळेत आला. "बाई, बघा! मोठे टायर घातले, गाडी चार बोटं उचलली!" मुले लगेच गोळा झाली. "बाई, एक चक्कर मारू द्या ना!" म्हटलं, "थांबा. आधी गणित!"

गाडी उचलायची कशाला? मोठे चाक वळताना आणि खड्ड्यात मडगार्डला घासते. म्हणून उंच स्प्रिंगा बसवून किंवा ठोकळे घालून गाडीचे धड वर घेतात. पण गंमत पाहा. जुन्या धाटणीच्या जीपमध्ये दोन चाकांना जोडणारा आस त्यामुळे जराही वर जात नाही. आस चाकाच्या मध्यावर असतो. चाकाचा व्यास ७० सें.मी. होता, तो ७७ झाला, तर आस वर जातो फक्त साडेतीन सें.मी.!

आता परीघ काढा. व्यासाला २२/७ ने गुणा. आधी २२० सें.मी., आता २४२. म्हणजे एका फेऱ्यात गाडी दहा टक्के जास्त पुढे जाते. वेग दाखवणारा काटा मात्र फेऱ्यांवरूनच वेग सांगतो. तो ६० दाखवील, तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन काडेपेट्या घ्या. एक आडवी, एक उभी अशा फळीवर ठेवा. घसरू नयेत म्हणून त्यांच्या पुढे एक काडी चिकटवा. आता फळी हळूहळू तिरकी करा. आधी कोण पडते? उभी पेटी. तिचा गुरुत्वमध्य उंचावर असतो, म्हणून थोड्याशा उतारानेही तो पायाबाहेर जातो. गाडी उचलली की तिचाही गुरुत्वमध्य वर सरकतो. टपावर सामान असेल तर आणखीच!

कायदाही हेच जपतो. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. कारखान्याच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

माझ्या विद्यार्थ्याने पेटी दोनदा पाडून पाहिली. रोज सकाळी वाडीतली सात-आठ पोरं तो याच गाडीतून शाळेत आणतो. वाटेत घाटाचे तिरके वळण आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैसे गेले बाई टायरात. दुकानदार परत घेतो का बघतो. तोवर पोरांना आप्पांच्या गाडीतनं पाठवतो."

मला त्याचा अभिमान वाटला. चौथीत गणिताचा फार कंटाळा होता त्याला!

पालकांनो, रविवारी काडेपेटीचा प्रयोग मुलांबरोबर जरूर करा. आणि मुलांनो, गाडीत बसण्याआधी एकदा तिच्याकडे नीट पाहा. ती आडव्या पेटीसारखी आहे की उभ्या?

तुमच्या बाई