अवकाशातील अदृश्य वर्षाव

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, पुलिकत सरोवर व समुद्र यांच्यामध्ये श्रीहरिकोटा बेट आहे. तेथून २२ ऑक्टोबर २००८ रोजी ‘चांद्रयान-१’ निघाले, तेव्हा त्यात बल्गेरियाच्या शास्त्रज्ञांनी बनविलेले ‘रॅडोम’ नावाचे उपकरण होते. वजन अवघे १६० ग्रॅम! वाटेत किरणोत्सर्गाची किती मात्रा पडते ते मोजणे, एवढेच त्याचे काम.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेल्या विद्युत्भारित कणांच्या पट्ट्यांतून जाताना मात्रा अतिशय वाढली. पट्टे मागे पडल्यावर ती उतरली. पण नाहीशी झाली नाही. सूर्यमालेबाहेरून येणारे विश्वकिरण अखंड बरसत होते. त्यांची मात्रा तासाला सुमारे १२ ते १३ मायक्रोग्रे भरली. चंद्रापासून १०० किलोमीटरांवर ती ९ ते १० झाली. कारण आकाशाचा बराच भाग चंद्रानेच झाकला होता.

चंद्राचा प्रवास काही दिवसांचा. मंगळाचा अनेक महिन्यांचा. २०११-१२ मध्ये तिकडे जाणाऱ्या ‘क्युरिऑसिटी’वरील मापकाने दिवसाला सरासरी १.८ मिलिसीव्हर्ट मात्रा नोंदविली. पृथ्वीवर निसर्गतः आपणांस वर्षाला सरासरी २.४ मिळतात. नुसत्या जाण्यायेण्यातच ही बेरीज सुमारे ६६० होते. ‘नासा’ने अंतराळवीराच्या साऱ्या कारकीर्दीसाठी घातलेली मर्यादा मात्र ६०० आहे. तिच्यापलीकडे कर्करोगाचा धोका वाढत जातो.

मग यानाची भिंत जाड का करू नये, असे आपण विचाराल. वजनाची अडचण आहेच. दुसरी अधिक बिकट आहे. वेगवान कण धातूवर आदळला की नव्या कणांचा वर्षाव होतो व रक्षक भिंतच उपद्रव देऊ लागते. असे वर्षाव पृथ्वीच्या वातावरणातही होतात. १९३७ साली होमी भाभा व हाइटलर यांनी त्यांची उपपत्ती मांडली. चेन्नईचे अल्लादी रामकृष्णन् यांनी पुढे त्यांच्या गणितात मोलाची भर घातली. म्हणूनच शिशापेक्षा हायड्रोजनयुक्त पाणी वा पॉलिथिलीन यांचा आडोसा बरा. सौरवादळातील कण त्याने पुष्कळसे अडतात. विश्वकिरण पुरते अडत नाहीत.

ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर प्रचंड वादळ उठले. ‘अपोलो १६’ एप्रिलमध्ये परतले होते, ‘अपोलो १७’ डिसेंबरमध्ये निघाले. त्या दिवसांत चंद्राच्या वाटेवर कोणी नव्हते, हा केवळ योगायोग. मंगळाच्या यात्रिकांना योगायोगावर विसंबून चालणार नाही. माणसाआधी मापक पाठविणे, हीच त्या यात्रेची पहिली पायरी होय.