म्हातारपणीच्या बळाचा प्रश्न
जालना जिल्ह्यातील मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि कित्येक घरांत वृद्ध व मुलेच मागे राहतात. अशा वेळी म्हातारी न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडले, तर तिला उचलणार कोण? ‘जन्मभर काबाडकष्ट केले, तिला आता व्यायाम कशाला?’ असे म्हणणारे पक्षातही आहेत. वस्तुतः कष्टाने शरीर झिजते. बळ वाढते ते बेताबेताने वाढवलेल्या भाराने आणि पुरेशा प्रथिनांनी (डाळीचा भाव येथेही आडवा येतोच). १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या प्रयोगात नव्वदीच्या घरातील दुर्बल वृद्धांनी आठ आठवडे वजने उचलली. त्यांच्या पायांचे बळ अडीचपटींहून अधिक झाले. त्यासाठी खेड्यात यंत्रे नकोत. खाटेवरून हात न टेकता उठणे, भिंतीशी एका पायावर उभे राहणे, एवढ्याने आरंभ होतो. शिकवणारा मात्र हवा. केंद्राचा वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१० सालापासून कागदोपत्री आहे. तो टोळ्या निघण्यापूर्वी गावच्या पारापर्यंत यावा, असा ठराव कार्यकर्त्यांनी यंदाच्या ग्रामसभांत मांडावा.