घरी बसलेल्या मुलीची पदवी

“मुलगी शिकते आहे, घरूनच परीक्षा देणार आहे.” वस्तीत, गावात हे आपण ऐकतो आणि समाधानाने पुढच्या घरी जातो. माझे म्हणणे असे की तिथेच थांबून विचारावे : कोणती परीक्षा? आणि ती झाल्यावर कोणती?

शाळेत न जाता परीक्षा देण्याची सोय नवी नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी झालेल्या बाया आपल्या प्रत्येक गटात सापडतील. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. केंद्र सरकारचे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे आजची ‘एनआयओएस’, तेही त्याच वर्षीचे. तिथे पाच विषय पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोनच विषय दिले तरी चालतात आणि सुटलेला विषय जमा राहतो. दहावी मराठीतूनही देता येते. राज्य मंडळात नापास झालेल्या मुलीला सुटलेल्यांपैकी दोन विषयांपर्यंत इथे आणता येतात. धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या, सुगीत मजुरीला जाणाऱ्या मुलीसाठी याचे मोल काय, ते आपल्याला सांगायला नको.

पण सोय असणे वेगळे आणि आखणी असणे वेगळे. अमेरिकेत १९६७ पासून ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा आहेत. वर्गात न बसता एकेक विषयाची परीक्षा द्यायची आणि पदवीचे क्रेडिट मिळवायचे. घरी शिकणारी तिथली मुले सोळा-सतराव्या वर्षीच अशी क्रेडिट साठवू लागतात. मात्र कोणते कॉलेज किती क्रेडिट मानते ते कॉलेजच ठरवते, म्हणून जाणते पालक आधी कॉलेज पाहतात, मग परीक्षा निवडतात. शेवटाकडून मागे येत आखणी करतात. आपण नेमके उलटे करतो. आधी दहावी होऊ दे, पुढचे पुढे बघू. आणि ‘पुढे’ म्हणजे बहुतेक वेळा स्थळ.

मुलगी पंधराची असतानाच पदवी ठरवायला काय हरकत आहे? नर्सिंगला जायचे तर विज्ञान कुठे मिळेल, प्रात्यक्षिके कोणत्या केंद्रावर होतील, हे दहावीच्या आधीच विचारायला हवे. घरात प्रयोगशाळा नसते. ‘घरून’ शिकणाऱ्या मुली कला शाखेकडे वळतात त्या नेहमी आवडीनेच वळतात असे नाही. बारावीचा दाखलाही हाती हवाच. २०१६ साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावी न करता अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदके तिच्याकडे होती, तरी बारावी नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंदच होते. आपल्या मुलींकडे पदके नाहीत. (आणि त्या मुलीला घरी शिकवायला नोकरी सोडली ती आईनेच. हे वाचून आपल्यापैकी कुणाला नवल वाटले का?)

पदवीच्या पातळीवर २०२१ पासून क्रेडिटची बँक झाली आहे. मिळवलेली क्रेडिट साधारण सात वर्षांपर्यंत जमा राहतात, आणि विद्यापीठाने मान्य केल्यास चाळीस टक्क्यांपर्यंत ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांतून घेता येतात. लग्न, बाळंतपण यांत मोडलेले शिक्षण पुन्हा जोडायची ही वाट आहे. पण तिथे खाते लागते, फोन लागतो. घरातला फोन कुणाच्या हातात असतो?

माझी खरी धास्ती दुसरीच आहे. ‘घरून परीक्षा’ ही मुलीला घरात ठेवण्याची सभ्य सबब होऊ लागली आहे. एसटी नको, रस्त्यावरची टवाळ पोरे नकोत, कॉलेज नको; बी.ए. ‘चालू आहे’ एवढे सांगता आले की झाले. दिवसभर धुणीभांडी, रात्री पुस्तक. शिकण्याचा खर्च वाचतो आणि घरकामाला माणूसही मिळते. कॉलेज म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. मैत्रिणी, वाचनालय, घराबाहेरचे चार तास, वेगळ्या जातीतल्या मुलांशी बोलणे, हे कुठल्याच परीक्षेच्या क्रेडिटमध्ये मिळत नाही. म्हणून ही वाट बंद करा असे मी म्हणत नाही. ती बंद झाली तर सगळ्यांत आधी त्याच मुली अडकतील ज्यांना दुसरी वाट नाही.

गटांनी मात्र घरच्यांशी बोलताना नुसती फी भरण्याची गळ घालू नये. मुलीला अभ्यासाचे तास ठरवून मिळायला हवेत, आणि त्या वेळात पाणी कोण भरणार याचे नाव घेऊन उत्तर हवे. अभ्यासकेंद्रावर ती स्वतः जाईल, भाऊ पुस्तके आणून देणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, नोंदणी क्रमांक तिच्या स्वतःच्या पिशवीत राहतील. एक प्रत गटाच्या कपाटात. आणि फॉर्म भरतानाच मागच्या कोऱ्या कागदावर तिच्या हाताने लिहून घ्यावे : कोणती पदवी, कोणत्या वर्षी.