लाल अक्षरं पुसू नका, वाचा

परवा एका संगणक क्लासच्या चालकाशी माझं वाजलं. माणूस मनानं चांगला आहे आणि माझाच जुना विद्यार्थी आहे, म्हणून नाव सांगत नाही. मी त्याला सहज विचारलं, "अरे, पोरं तुझ्याकडं पायथन शिकायला येतात. पडद्यावर चूक आली की ती वाचायची कशी, हे शिकवतोस का?" तो हसला. म्हणाला, "सर, ते लाल अक्षर वाचायचं नसतं. कॉपी करायचं, गुगलला टाकायचं, तिथं जी कमांड मिळेल ती पेस्ट करायची. सगळे हेच करतात."

वाचायचं नसतं! पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागलं असेल, ते तुम्हीच ताडा. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय.

आता तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याचा पायथनशी काय संबंध? मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. निवृत्तीनंतर देवनागरी टंकायला शिकलो, ब्लॉग सुरू केला. आपल्या भागातले जुने शब्द मी कार्डांवर लिहून ठेवले होते. ते अकारविल्हे लावायचे होते. हातानं लावता लावता जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पायथन शिका. शिकलो. फार नाही, पण कामापुरतं. आणि शिकताना ठेचा इतक्या लागल्या की त्या विषयात तरी मी अधिकारवाणीनं बोलू शकतो.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. गिदो व्हान रोसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढं आणली. तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी तयार सामान लिहून ठेवलंय, त्याला पॅकेज म्हणतात. हे सामान आणून देणारा जो गडी आहे, त्याचं नाव पिप. काळ्या खिडकीत हुकूम टंकायचा, की पिप सामान घेऊन हजर. खुद्द पिपलाही अधूनमधून नवं करावं लागतं, त्याला अपग्रेड म्हणायचं. आणि नेमकं तिथंच पाणी मुरतं.

मार्च २०२१ ची गोष्ट. कॉलेजं बंद होती. कळंब तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याची मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, संगणकशास्त्र घेऊन. बापानं जुना लॅपटॉप घेऊन दिलेला, त्यात उबुंटू १६.०४. पिपनं एक पॅकेज आणायला गेली, तर पिवळ्या अक्षरात सूचना आली. तुमचं पिप ८.१.१ आहे, २१.०.१ आलेलं आहे, अमुक हुकूम देऊन अपग्रेड करा. गुणी मुलगी. सांगितलं तसं केलं. त्यानंतर पिप जे बसलं ते उठेच ना. काहीही सांगा, एकच उत्तर : "सिंटॅक्सएरर : इनव्हॅलिड सिंटॅक्स".

तिनं दुकानात नेलं. दुकानदारानं 'फॉरमॅट मारला', चारशे रुपये घेतले. प्रॅक्टिकलच्या सगळ्या फाइली त्यात गेल्या. घरी आली, पुन्हा तीच पिवळी सूचना, पुन्हा तेच अपग्रेड, पुन्हा तीच चूक. पुन्हा दुकान, पुन्हा चारशे! तिसऱ्यांदा बाप तिला घेऊन माझ्याकडं आला. पोरगी खाली मान घालून बसली होती. म्हणाली, "गुरुजी, मला हे जमायचं नाही. आपलं मराठी मीडियम. मी आर्ट्सला जाते."

(आर्ट्सला जाण्यात वाईट काही नाही, मी स्वतः गेलोय. पण असं पळून नाही जायचं.)

मी म्हटलं, बाई, आधी वाचू तर. सिंटॅक्स म्हणजे काय? वाक्यरचना. म्हणजे कुणाचं तरी व्याकरण चुकलंय. कुणाचं? ती म्हणाली, "माझंच असणार. पण मी तर एक ओळसुद्धा लिहिली नव्हती!" बरोबर! मग चूक तिची कशी असेल? चुकीच्या वर फाइलीचा पत्ता होता. तो मी तिला मोठ्यानं वाचायला लावला. पत्त्यात 'पायथन ३.५' होतं, पुढं 'पिप' होतं. म्हणजे फाइल पिपची स्वतःची. आणि खाली ती ओळसुद्धा छापलेली होती. त्या ओळीत अवतरणचिन्हाच्या आधी एक एकटं 'एफ' अक्षर होतं.

त्या 'एफ'पाशी सगळं होतं. अवतरणाआधी 'एफ' लावून लिहायची पद्धत पायथनमध्ये आली ३.६ या आवृत्तीपासून, डिसेंबर २०१६ मध्ये. पोरीचं पायथन होतं ३.५. नवं पिप नव्या बोलीत बोलत होतं आणि जुन्या पायथनला ती बोली येत नव्हती. बस, एवढंच! जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या पिप २१.० नं पायथन २.७ आणि ३.५ या दोघांचाही हात सोडला होता.

मग त्या पिपनं स्वतःच 'अपग्रेड करा' असं का सांगितलं? कारण 'हे सामान कोणत्या पायथनला चालेल' ही चिठ्ठी वाचायची अक्कल पिपला आली ती ९.० पासून, २०१६ च्या अखेरीस. ८.१.१ ला ती नव्हती. पायाचं माप न विचारता बाजारातला सगळ्यात नवा जोडा आणणारा गडी तो. जोडा आणला, पायात शिरेना, आणि बोल लागला पोरीच्या पायाला!

उपाय दहा मिनिटांचा निघाला. पिप बसवायची जी फाइल मिळते, तिची ३.५ साठीची वेगळी प्रत ठेवलेली असते. ती उतरवली, चालवली, आणि '२१.० पेक्षा लहान' असं स्पष्ट सांगितलं. २०.३.४ आलं, कारण ३.५ ला चालणारं ते शेवटचं. या पिपला माप विचारायची सवय असल्यामुळं पुढचं सामानही बरोबर आलं. फॉरमॅट नाही, चारशे रुपये नाहीत. (त्या उबुंटूची नेहमीची मुदतही एप्रिल २०२१ ला संपणारच होती. सवड काढून नवं टाक, पण आधी फाइली दुसरीकडं ठेव, हेही सांगितलं.)

पोरगी आर्ट्सला गेली नाही.

आता माझा मुद्दा. ही चूक वाचणं अवघड होतं का? वाक्यं किती? चार. शब्द किती? पंचवीस-तीस. त्यातले निम्मे फाइलींचे पत्ते. तरी दोन वेळा फॉरमॅट झाला, कारण पोरीला, दुकानदाराला, क्लासवाल्याला, कुणालाच ते वाचायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आपण वर्षानुवर्षं पोरांना गाइडातली उत्तरं पाठ करायला लावली. आता कमांडा पाठ करायला लावतो. गाइडाचं नाव तेवढं बदललं.

तुम्हाला वाटेल, एका जुन्या लॅपटॉपवरून मी फारच ताणतोय. तर आणखी दोन दाखले घ्या.

एप्रिल २०१८ मध्ये पिप १०.० आलं. त्यात आतल्या फाइलींची जागा बदलली. उबुंटूनं दिलेला पिपचा छोटा दरवाजा जुन्या जागी 'मेन' नावाची वस्तू शोधायचा, ती आता तिथं नव्हती. चूक आली : "कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन". कितीतरी लोकांची पिपं एका अपग्रेडनं बंद पडली. साधा मार्ग होता. दरवाजा सोडायचा आणि पायथनलाच सांगायचं, 'पायथन३ -एम पिप', म्हणजे तुझ्या घरातलं पिप तूच चालव. पण लोकांनी काय केलं? सिस्टीमची फाइल उघडून त्यात हातानं खाडाखोड केली. का? कुठंतरी लिहिलेलं सापडलं म्हणून.

दुसरा दाखला अजून चालू आहे. उबुंटू किंवा डेबियनमध्ये सिस्टीमची स्वतःची कामंही पायथनवर चालतात. ते सामान आणणारा गडी वेगळा, त्याचं नाव अ‍ॅप्ट. एका वाड्यात दोन कारभारी, अ‍ॅप्ट आणि पिप. एकानं ठेवलेलं दुसरा हलवणार. आपल्याकडं सामाईक बांधावरून भाऊबंदकी कशी पेटते ते मी सांगायला नको. शेवटी पायथनवाल्यांनी मोजणी आणून बांधावर दगड रोवला. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून, आणि त्याच वर्षीच्या उबुंटूपासून, पिपला सिस्टीमच्या जागेत सामान टाकायला सांगितलं तर ते नकार देतं. नकार चांगला सविस्तर असतो. ही जागा दुसऱ्याच्या ताब्यात आहे, सामान हवं तर अ‍ॅप्टकडून घ्या, नाहीतर वेगळी चूल मांडा. ही वेगळी चूल म्हणजे 'व्हेन्व', प्रत्येक कामासाठी स्वतंत्र जागा. पायथनमध्ये ती २०१२ पासून आहे. एक ओळ टंकली की तयार.

आणि त्या नकाराच्या शेवटी एक वाक्य असतं. धोका पत्करून पुढं जायचंच असेल, तर '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' लिहा.

त्या क्लासमधल्या पोरांच्या वह्या मी पाहिल्या. पहिल्याच पानावर हीच कमांड, खाली दोन रेघा मारलेल्या. 'एरर आल्यास हे जोडणे.' मी एका पोराला विचारलं, "ब्रेक म्हणजे काय रे?" "तोडणं, सर." "काय तोडणं?" पोरगं थांबलं. शब्द तिन्ही त्याला येत होते. ते वाचायचे असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. करणाऱ्यांनी नावातच ओरडून सांगितलंय की बाबा, हे मोडेल, आणि आम्ही ते वहीत घोटून घेतो!

यावर मला तीन उत्तरं मिळाली.

पहिलं, पोरांना इंग्रजी येत नाही. पायथनच्या चुका इंग्रजीतच येतात, खरं आहे. त्या मराठीत आल्या तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं? या चुकांत फिरून फिरून येणारे शब्द मोजके आहेत, एका शनिवारच्या सकाळच्या शाळेत शिकवून होतील. चुकीची पहिलीच ओळ सांगते की सगळ्यात ताजी गोष्ट शेवटी आहे, म्हणजे खालून वर वाचा! वाचायची रीतसुद्धा त्यातच दिलीय. आणि मराठीतून समजून घ्यायचं तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये मराठी आवाजातले पाठ फुकट आहेत. माध्यम आडवं येत नाही, आडवी येते ती आपली सवय.

दुसरं, अहो गुरुजी, चूक तर पिप करणाऱ्यांची. होय, त्यांचीही आहे. जी सूचना पाळली की घर बंद पडतं ती सूचना देणं हा निष्काळजीपणाच, आणि आज्ञाधारक पोरालाच तो नडतो. म्हणून तर पोरांना आज्ञाधारकपणाआधी वाचन शिकवा म्हणतो. 'नवं आलंय' म्हणून अपग्रेड करायचं नाही. माझं पायथन कोणतं, त्याला हे चालेल का, एवढं आधी बघायचं. लग्नात पत्रिका बघता, इथं दोन आकडे बघायला काय होतं?

तिसरं, आता एआयला विचारलं की झालं. विचारा की. मीही विचारतो. पण 'दुरुस्त करून दे' असं विचारलंत तर कमांड मिळेल, 'हे काय म्हणतंय ते समजावून सांग' असं विचारलंत तर शिक्षक मिळेल. पहिलं म्हणजे जुनीच घोकंपट्टी, फक्त घोकायचे कष्टही वाचले. उद्या एआयनंच तोडायची कमांड दिली, तर ती ओळखणार कोण?

तेर आमच्या जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमेळ्यात काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटलं आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. नामदेव रुसले, हे खरं. पण त्यांनी थापटणं मोडलं नाही आणि दुसऱ्याचं पक्कं मडकं डोक्यावर पालथं घालूनही आले नाहीत. औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले आणि पक्के होऊन आले.

पडद्यावरची लाल अक्षरं म्हणजे ते थापटणं आहे. कुठं कच्चं आहे ते ती सांगतात, तुमचं किंवा यंत्राचं. कधी कधी करणाऱ्याचंही.

म्हणून क्लासवाल्या माझ्या विद्यार्थ्याला जाहीर विनंती. बाबा, त्या वहीचं पहिलं पान फाड. तिथं लिही : एक, चूक आली की हात कीबोर्डवरून काढा. दोन, शेवटची ओळ मोठ्यानं वाचा. तीन, फाइल कुणाची आहे ते पाहा. चार, आपलं पायथन कितवं ते विचारा. पाच, समजल्याशिवाय काहीही पेस्ट करू नका. एवढं केलंस तर तुझ्या क्लासमध्ये येऊन मी फुकट शिकवीन. वय झालंय, पण खडू अजून धरता येतो.

असो. बघा पटतंय का.