इंटरफेस पुरेसा आहे, आता खोलीकडे बघा

घरी गाणं, कथावाचन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाच-सहा हजारांचा यूएसबी इंटरफेस चालेल का, की थोडं थांबून महागडा घ्यावा? चालेल. त्यासाठी थांबू नये. माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये बसणारी ही छोटी पेटी आता इतकी सुधारली आहे की मुंबईच्या उपनगरातल्या घरात रेकॉर्डिंग बिघडलं, तर त्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडतं. ते म्हणजे आपली खोली. आणि खोलीची उणीव लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून कितीही महाग यंत्र आणलं तरी भरून निघत नाही.

आकडेच बघू. अगदी स्वस्त इंटरफेस १६ बिटमध्ये रेकॉर्ड करतात. त्यातही सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटची यंत्रं प्रत्यक्षात शंभरच्या आसपास किंवा पुढे जातात. आता गरज किती, ते पाहा. ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या एसीएक्स या मंचाची अट अशी की बोलण्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल असावी आणि न बोलतानाची खरखर उणे ६०च्या खाली राहावी. म्हणजे साधारण ४० डेसिबलचं अंतर हवं. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबल भरतं. माइक वीतभर अंतरावर, म्हणजे पाव मीटरवर आणला तर ते ७२ होतं. अट पाळायची तर खोलीतला बाकीचा आवाज ३२च्या आसपासच हवा. आपल्याकडे निवासी भागासाठी कायद्यानेच दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रस्त्यालगतच्या घरात उघड्या खिडकीतून तीही सहज ओलांडली जाते. घाटकोपरवरून उतरणारी विमानं, मुलुंड-बोरिवलीत पुनर्विकासाच्या इमारतींवर दिवसभर चालणारे ब्रेकर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि डोक्यावरचा पंखा हे सगळं धरलं, तर पेटीची क्षमता निम्मीही वापरात येत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की स्वस्त प्रीअँपचा, म्हणजे पेटीत माइकचा आवाज मोठा करणाऱ्या भागाचा, गेन वाढवला की सूं-सूं ऐकू येतं. आक्षेप खरा आहे. डायनॅमिक माइक लावून हळू आवाजात, हातभर लांबून कोणी गात असेल तर गेन शेवटापर्यंत न्यावा लागतो आणि मग यंत्राची मर्यादा उघडी पडते. पण अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट. तोंड माइकच्या जवळ, किंचित तिरपं ठेवायचं, सर्वांत मोठ्या जागेलाही मीटर उणे १२च्या आसपास राहील इतकाच गेन द्यायचा आणि दिवा लाल होऊ द्यायचा नाही, एवढ्यावर बरंच सुटतं. दुसरी तक्रार आवाज कानात उशिरा येण्याची. त्यासाठी बहुतेक पेट्यांवर डायरेक्ट मॉनिटरची सोय असते. गायकाला स्वतःचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट ऐकू येतो. बारीक घुं-घुं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. अनेकदा दोष अर्थिंगचा असतो.

खोलीच्या बाबतीत मात्र एक गैरसमज फार पसरला आहे. भिंतीला गोधड्या आणि गाद्या लावल्या की बाहेरचा आवाज थांबतो, असं लोक मानतात. गोधडी खोलीत घुमणारा आवाज शोषते, आणि तेही मोठं काम आहे. विमानाला ती अडवत नाही. त्याला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात. म्हणून रस्त्यापासून लांबची आतली खोली निवडावी, सरकत्या खिडकीची फट कपड्याने बंद करावी, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे पाठ करून बसावं आणि पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात हे छळच आहे, तेव्हा टेक दहा-दहा मिनिटांचे ठेवावेत. रात्रीची शेवटची लोकल गेल्यावर मिळणारे तीन तास उपनगरातल्या कोणत्याही माइकपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

मग स्टुडिओंचं काय, असा प्रश्न उरतो. तबला, व्हायोलिन आणि कोरस एकत्र वाजवायचा असेल, सिनेमासाठी मिक्सिंग करायचं असेल तर अंधेरीचे स्टुडिओ आणि तिथले कसलेले रेकॉर्डिस्ट लागणारच. माझा मुद्दा नवख्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगचा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर आलं, तेव्हा कोणाचा आवाज टिकणार हे ग्रामोफोन कंपनी ठरवत होती. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच केला. त्याच्या हातात तर इंटरफेसही नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या गावोगावी बायांच्या दारात जाऊन. तिथे ध्वनिरोधक भिंती कुठून असणार?

शहरात अडतं ते यंत्रावाचून नव्हे, खोलीवाचून. म्हणून पैशापेक्षा जागेची मदत करणं निकडीचं आहे. वन रूम किचनमध्ये सहा माणसं राहतात, तिथे शांत कोपरा मागायचा कुठे? मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ यांसारख्या संस्थांनी, सोसायट्यांनी आणि ग्रंथालयांनी एखादी आतली खोली, दोन माइक लागतील असा एक साधा इंटरफेस आणि तो वापरायला शिकवणारं एक माणूस एवढी सोय केली, तर तासावारीने ती कितीतरी जणांना मिळेल. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, गोराईच्या गावठाणात लग्नाची जुनी गाणी पाठ असलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत. आगरी घरांत लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी आहेत. त्यांच्यापर्यंत ही पेटी या वर्षी पोहोचली पाहिजे, त्यांचा गळा साथ देतोय तोवर.