बल्लो के गावचा सतनाम आणि आमचा हॉलमधला टीव्ही

सध्या मुक्काम बठिंडा. उन्हाळा असा की सकाळची पीटी संपेपर्यंत बनियन अंगाला चिकटते. मागच्या रविवारी टीव्हीवर अमेरिकन कुस्ती लागली होती, ती नाटकातली. रिंगमध्ये एक डोंगराएवढा सरदार उभा होता. आमच्यातला एक पोरगा हसत म्हणाला, "साहेब, हा तो एनबीएवाला. तिकडे फेल झाला, आता इथे नाचतोय." सगळे हसले. कोपऱ्यात बसलेला बरनाल्याकडचा हवालदार मात्र हसला नाही. उठून बाहेर गेला.

त्या 'फेल' शब्दावर मला बोलायचं आहे.

सतनामसिंग भामरा, बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा. उंची सात फूट दोन इंच. वडील शेतकरी, तेही सात फुटांच्या घरातले. त्यांना स्वतःला बास्केटबॉल खेळायचा होता, पण घरच्या शेतीने सोडलं नाही. म्हणून पोराला त्यांनी लहानपणीच लुधियानाच्या अकादमीत धाडलं. 2010 साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर पोरगा फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत पोचला. इंग्रजीच्या नावाने बोंब. आपल्यापैकी जे साताऱ्या-सांगलीहून थेट ट्रेनिंग सेंटरला गेले आणि उस्तादाची हिंदी न कळल्यामुळे पहिला महिना फ्रंट रोल मारत राहिले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याला निदान वर्षाकाठी सुट्टी मिळून गाव तरी दिसत होतं.

25 जून 2015 ला डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं, 52 व्या क्रमांकावर. भारतात जन्मून ड्राफ्ट झालेला पहिला माणूस. पेपरात फोटो आले, पेढे वाटले गेले. पण ड्राफ्ट म्हणजे काय, हे कुणी नीट सांगितलं नाही. दरसाल 60 च्या आसपास पोरं निवडली जातात. पहिल्या फेरीतल्यांच्या कराराला हमी असते, दुसऱ्या फेरीतल्यांना ती नसते. आणि 52 वा म्हणजे दुसरी फेरी. आपल्या भाषेत सांगायचं तर नाव मेरिटमध्ये आलं, जॉइनिंग लेटर नाही आलं. तीस संघ, प्रत्येकी पंधरा खेळाडू, म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे जागा. त्यातली एक बल्लो केच्या पोराला मिळाली नाही, याला नापास म्हणायचं असेल तर आपण सगळेच नापास आहोत.

नशीबही बघा. त्या ड्राफ्टच्या नऊच दिवस आधी गोल्डन स्टेट वॉरियर्सने विजेतेपद जिंकलं होतं. अंतिम मालिकेत त्यांनी आपला सात फुटी सेंटर बाकावर बसवला आणि त्या जागी साडेसहा फुटांच्या आसपासचा ड्रेमंड ग्रीन उभा केला. सगळा खेळ पळण्यावर आणि लांबून नेम मारण्यावर गेला. रिंगखाली ठाण मांडून बसणाऱ्या उंच, संथ गड्याचा भाव तिथेच उतरला. सतनाम आयुष्यभर ज्या कामासाठी घडवला गेला, ते काम तो दारात पोचेपर्यंत बंद होत आलं होतं. घोडदळाची भरती करावी आणि तेवढ्यात रणगाडे यावेत, तसं.

पुढे तो दोन हंगाम टेक्सास लेजेंड्सकडे राहिला, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये. मिनिटं थोडी मिळाली. मग कॅनडात सेंट जॉन्स एजकडे एक हंगाम. परदेशातला व्यावसायिक खेळाडू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंगला-गाडी येते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला बसचे लांब प्रवास, बाकावर बसणं आणि हंगामापुरते करार येतात. पेन्शन नाही, कँटीन कार्ड नाही.

आता डोपिंग. ते झाकून मला त्याची बाजू घ्यायची नाही. 2019 मध्ये चाचणीत तो सापडला आणि दोन वर्षांची बंदी बसली. मुद्दाम घेतलं नाही, असं त्याचं म्हणणं. असेलही. पण नियम सरळ आहे, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. संत्रीच्या हातातली रायफल गहाळ झाली तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालतं का? शिक्षा बरोबर होती. पण शिक्षा भोगून झाली की माणूस पुन्हा फॉल-इन होतो, ही आपली रीत आहे. जन्मभर त्याला रांगेबाहेर उभं करत नाहीत. 2021 मध्ये त्याने कुस्तीच्या कंपनीशी करार केला आणि त्याच उंचीवर पोट भरतोय. यात हसण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

हे सगळं मला एवढं लागलं, त्यालाही कारण आहे. माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, कराडला असतो, उंची सहा फूट चार इंच. त्याला बाहेरच्या राज्यातल्या एका अकादमीने बोलावलंय. बहिणीचा रोज फोन, "दादा, तूच सांग. त्यापेक्षा खेळाच्या कोट्यातून फौजेत किंवा पोलिसात चिकटला तर?" कोट्याची नोकरी वाईट नाही. सर्व्हिसेस, रेल्वे, ओएनजीसी यांनी या देशातला बास्केटबॉल जगवला, हे खरंच आहे. पण सोळाव्या वर्षी पेन्शनचा हिशोब मांडायला लावणं मला पटत नाही. सतनामच्या वडिलांना शेतीने अडवलं, आमच्या पोराला आमची भीती अडवेल.

जाऊ दे त्याला, असं मी तिला सांगितलंय. शाळा सुटता कामा नये, कराराचा कागद सही करण्याआधी मला दाखवायचा आणि जिममधल्या कुणी दिलेली पावडर डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही, एवढ्या अटींवर. ती अजून रडते आहे. पोराने काल व्हिडिओ पाठवला, रिंगखाली उभा राहून नुसता हात वर करून चेंडू टाकतोय, एकामागून एक, आणि खाली लिहिलंय, 'मामा, वीसपैकी वीस.' मी उलट कळवलं, पावणेसात मीटरच्या रेषेमागे जा, तिथून वीस मार आणि मग पाठव. अजून आलेला नाही.